यादी लागण्याआधी ठरवायचा रस्ता

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे पर्सेंटाइल हाती येते आणि मग महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एक चमत्कारिक काळ सुरू होतो. अभ्यास संपलेला असतो, परीक्षा संपलेल्या असतात, हाताला काम नसते; आणि तरीही काहीच ठरलेले नसते. गावाकडच्या लग्नाला जायचे की नाही, हे कॅपच्या फेरीची तारीख पाहून ठरते. वडील कचेरीत दर तासाला मोबाइल उघडून बघतात. शेजारच्या काकू जिन्यात गाठून ‘झाले का अॅडमिशनचे?’ असे विचारतात, आणि आई ‘यादी लागायची आहे अजून’ असे म्हणत भाजीची पिशवी सावरत वर निघून जाते. ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो मुलगा किंवा ती मुलगी मात्र हळूहळू बोलेनाशी होते.

इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची ही प्रतीक्षा आता दोन-अडीच महिने सहज चालते. निकाल जूनमध्ये आणि शेवटच्या फेरीचा प्रवेश गणपतीच्या आसपास, असे अनेक वर्षी झाले आहे. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षाच लांबली आणि प्रवेश थेट २०२१ साल उजाडल्यावर पूर्ण झाले. एवढ्या दिवसांत घरात चर्चा पुष्कळ होते, पण ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: ‘मिळेल का?’ दुसरा प्रश्न, ‘नाही मिळाले तर काय?’, हा अशुभ समजून टाळला जातो. आणि खरा घोटाळा इथेच होतो. कारण दुसऱ्या रस्त्यांची दारे आपल्या यादीची वाट बघत उघडी राहत नाहीत. दुसरा रस्ता यादी लागण्याआधीच ठरवून ठेवावा लागतो.

रांग तीच, खिडकी बदलली

ही प्रतीक्षा आजची नाही. १९८३ पूर्वी महाराष्ट्रात इंजिनीअरिंगची महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १८५४ पासूनची परंपरा सांगणारे पुण्याचे कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, १८८७ साली स्थापन झालेली मुंबईची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद ही नावे म्हणजे घराण्याच्या अभिमानाचा विषय असे. ज्यांना तिथे जागा मिळत नसे आणि ज्यांच्या गाठीला पैसा असे, ती मुले कर्नाटकात देणगी भरून शिकायला जात. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. तालुक्या-तालुक्यांत संस्था उभ्या राहिल्या. देणगीचा बाजारही उभा राहिला, आणि त्याला आवर घालण्यासाठी १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निकाल दिला आणि ‘फ्री सीट की पेमेंट सीट?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै आणि २००५ च्या इनामदार खटल्यांच्या निकालांनी तीही व्यवस्था मोडीत निघाली. बारावीच्या गुणांवर होणारे प्रवेश सीईटीवर गेले, २०१४ मध्ये जेईई मेन आणि बारावीचे गुण यांच्या मिश्रणावर गेले आणि २०१६ मध्ये पुन्हा राज्याच्या सीईटीवर आले. २०१५ च्या कायद्याने प्रवेश आणि शुल्क यांच्यावर देखरेख करणारी प्राधिकरणे आली आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे सारा कारभार गेला.

म्हणजे चाळीस वर्षांत खिडकी अनेकदा बदलली, रांग मात्र हलली नाही. पूर्वी महाविद्यालयाच्या फलकावर टाइप केलेली यादी लागे आणि मुले बोट फिरवत आपले नाव शोधत. आज तेच बोट मोबाइलच्या पडद्यावर फिरते.

जागा आहेत, मग ही घालमेल कशाची?

अनेक पालकांना वाटते, की जागाच कमी आहेत म्हणून ही झुंबड आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१० नंतरच्या दशकात राज्यात इंजिनीअरिंगच्या हजारो जागा दर वर्षी रिकाम्या राहू लागल्या. काही महाविद्यालयांनी शाखा बंद केल्या, काहींनी दारेच लावून घेतली. रिकाम्या जागांचा प्रश्न देशभर एवढा वाढला, की अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२० पासून काही काळ नव्या महाविद्यालयांना परवानगी देणेच थांबवले. नंतर वारे फिरले. २०२४-२५ पासून परिषदेने चांगल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची मर्यादा काढून टाकली आणि कॉम्प्युटर व तिच्या भावंड-शाखांच्या तुकड्या वाढत चालल्या.

तेव्हा इंजिनीअरिंगला प्रवेश मिळणे आज कठीण नाही. कठीण आहे ते पंधरा-वीस नावाजलेल्या महाविद्यालयांतल्या दोन-तीन शाखांत प्रवेश मिळणे. सगळी घालमेल त्या थोड्या जागांसाठी आहे. पर्सेंटाइल या शब्दाने हा घोळ आणखी वाढवला आहे. बऱ्याच घरांत पर्सेंटाइल म्हणजे टक्के असेच समजले जाते. ‘पंचाण्णव मिळाले आणि तरी पुण्यात कॉम्प्युटर मिळत नाही?’ असे आजोबा अविश्वासाने विचारतात. हिशेब सोपा आहे. समजा, चार लाख मुले परीक्षेला बसली. तर ९९ पर्सेंटाइलच्या मुलापुढे सुमारे चार हजार मुले असतात, ९५ वाल्यापुढे वीस हजार आणि ९० वाल्यापुढे चाळीस हजार. पंचाण्णव म्हणजे उत्तम कामगिरी, यात शंका नाही. पण वीस हजारांच्या रांगेत उभे राहून पहिल्या दोन हजार जागांकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नसतो. हे गणित निकालाच्या दिवशीच मांडता येते. त्यासाठी यादीची वाट पाहावी लागत नाही.

शाखांच्या मागे धावण्याबद्दलही थोडे मागे वळून पाहायला हवे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मंदी आली तेव्हा पदवीधर अभियंते बेकार फिरत होते. नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सला सोन्याचा भाव होता. २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांचा फुगा फुटला आणि ‘आयटी’ला गेलेल्या मुलांचे पालक धास्तावले. आज कॉम्प्युटर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा बोलबाला आहे. ज्या मुलाला आज प्रवेश घ्यायचा आहे तो चार वर्षांनी बाहेर पडणार आणि पुढे पस्तीस वर्षे काम करणार. चार वर्षांनंतरचा बाजार आज कोणालाच दिसत नाही. मुलाला कशात गोडी आहे, एवढे मात्र आजही दिसू शकते. त्यासाठी त्याला विचारावे लागते.

धास्तीची किंमत

ही प्रतीक्षा सगळ्यांना सारखी नसते. ज्याच्याकडे पैसा आहे तो ती विकत घेऊन टाकतो. अभिमत आणि खासगी विद्यापीठे स्वतःच्या परीक्षा घेतात, स्वतःच्या याद्या लावतात आणि सरकारी फेरी सुरू होण्याआधीच पैसे भरण्याची शेवटची तारीख जाहीर करतात. ‘सीट अडकवून ठेवू, नंतर बघू,’ असे म्हणून लाखभर रुपये भरणारे बाप कमी नाहीत. त्यांना त्या रात्री झोप लागते. ज्यांना ते परवडत नाही, त्यांची झोप दोन महिने उडालेली असते. कोणी पोस्टातली ठेव मोडतो, कोणी सोसायटीचे कर्ज काढतो.

अशा वेळी नियम माहीत असले तर पुष्कळ नुकसान टळते. ठरलेल्या मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर एक हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम न कापता बाकीचे शुल्क परत केले पाहिजे, असा तंत्रशिक्षण परिषदेचा नियम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१८ मध्ये शुल्क परतीचे नियम ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी पंधरा दिवस किंवा त्याहून अगोदर रद्द केले, तर थोडे प्रक्रिया शुल्क वगळता सगळी रक्कम परत मिळायला हवी. मुलांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे तर सरळसरळ नियमबाह्य आहे. पैसे भरण्यापूर्वी परतीची तारीख लेखी विचारून घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सरकारी सवलती प्रामुख्याने कॅपमधून झालेल्या प्रवेशाला आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना घ्या, किंवा २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना मिळालेली शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी घ्या. घाबरून खासगी विद्यापीठात किंवा व्यवस्थापन कोट्यात आधीच प्रवेश घेणारे पालक या सवलतीवर पाणी सोडतात, आणि पुष्कळांना ते कळते चेक वटल्यावर. याशिवाय कॅपमध्ये प्रत्येक शाखेच्या पाच टक्के जादा जागा शिक्षण शुल्कमाफीच्या असतात. त्याही आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठीच. त्या जागांचा कटऑफ वर जातो, हे खरे. पण अर्जात तो पर्याय भरलाच नाही, तर संधी कुठून मिळणार?

आणि कागदपत्रे. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांच्यासाठी जून-जुलैत तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रात जी गर्दी उसळते ती पाहिली की वाटते, ही कामे अकरावीत असतानाच का उरकली नाहीत? पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो, पण मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर हातातली जागा जाते. वर्षभर अभ्यास करून मिळवलेले पर्सेंटाइल एका शिक्क्यापायी वाया जावे, यासारखी दुसरी हळहळ नाही.

पसंतीचा अर्ज म्हणजे जुगार नव्हे

प्रतीक्षेच्या काळात घराच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज. तो भरायला सायबर कॅफेवाल्याकडे किंवा हजारो रुपये घेणाऱ्या सल्लागाराकडे सोपवून मोकळे होणारे लोक आहेत. खरे तर संगणकाची रीत साधी आहे. गुणवत्ता यादीत पहिल्या असलेल्या मुलापासून तो सुरुवात करतो. प्रत्येकाच्या अर्जात वरून खाली बघत जातो आणि जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती देतो. त्यामुळे आवाक्याबाहेरचे एखादे महाविद्यालय वर लिहिले म्हणून खालचे हातचे जात नाही. क्रम गेल्या वर्षीच्या कटऑफवर लावायचा नसतो. मनापासून कुठे जावेसे वाटते त्यावर लावायचा असतो. कटऑफ बघायचा तो यादी पुरेशी खाली उतरली आहे ना, एवढ्यासाठी.

मात्र दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारावीच लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून ‘बघू तरी मिळते का’ असे म्हणून पहिला क्रमांक कधीही भरू नये. आणि पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली, की आधीची आपोआप जाते. ती परत मागता येत नाही. ज्या महाविद्यालयात मुलीला पाठवण्याची घराची तयारीच नाही, तिथे वसतिगृह नाही किंवा तिथले शुल्क झेपणारे नाही, त्याचे नाव अर्जात असूच नये. ही चर्चा अर्ज भरण्याआधी, सगळ्यांनी एकत्र बसून, वहीत आकडे मांडून व्हावी. खासगी महाविद्यालयांत वर्षाला लाख-दीड लाख शुल्क, वर राहण्या-जेवणाचा खर्च, आणि हे चार वर्षे. हा हिशेब मुलापासून लपवणारे आईबाप त्याच्यावर उपकार करत नाहीत. अठरा वर्षांच्या मुलाला घरची परिस्थिती समजते. न सांगितलेले ओझे त्याला जास्त जड जाते.

दुसऱ्या रस्त्यांची दारे

आता त्या टाळलेल्या प्रश्नाकडे वळू. हवे ते नाही मिळाले तर?

पहिला रस्ता डिप्लोमाचा. आपल्याकडे डिप्लोमा म्हणजे दहावीत कमी पडलेल्यांची सोय, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. कारखान्यांच्या शॉप फ्लोअरवर डिप्लोमावाल्यांचा हात धरणारे कमी असतात. बारावी विज्ञान झालेल्या मुलाला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा झाला, की त्याच्या गुणांवर, सीईटीशिवाय, पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. त्यासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के जागा असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागांचीही त्यात भर पडते. म्हणजे चारऐवजी पाच वर्षे लागतात, पण हाती दोन पात्रता येतात. ज्यांना मध्येच नोकरी धरावी लागते, अशा डिप्लोमाधारकांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे पदवीचे वर्ग काढायलाही तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून मुभा दिली आहे.

दुसरा रस्ता विज्ञानाचा. बी.एस्सी. करून आयआयटीच्या जॅम परीक्षेतून एम.एस्सी.ला, तिथून गेट देऊन एम.टेक.ला जाणारी मुले आहेत. बारावीला ज्या आयआयटीचे दार लागले, त्याच संस्थेत ती बावीसाव्या वर्षी सन्मानाने शिरतात. संशोधनाची ओढ असेल तर पुण्याची आयसर २००६ पासून आहे. तिची प्रवेश परीक्षा मात्र वेगळी असते. संगणकच हवा असेल तर बी.सी.ए. आणि पुढे दोन वर्षांचे एम.सी.ए. हा मार्ग आहे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम जेईईशिवाय, पात्रता फेरी पार करून करता येतो. आणि २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला विद्यापीठ अनुदान आयोगाची हरकत नाही. गावातल्या महाविद्यालयात बी.एस्सी. करता करता हे शिकणे आज शक्य आहे.

पण बी.सी.ए.चेच उदाहरण बघा. २०२४ मध्ये हा अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत गेला आणि राज्यात त्यालाही सीईटी लागू झाली. ‘इंजिनीअरिंग नाही तर बी.सी.ए. आहेच’ असे गृहीत धरून बसलेल्या अनेकांना ऐनवेळी कळले, की त्याची परीक्षा केव्हाच होऊन गेली. जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा जादा परीक्षा घ्यावी लागली. दर वेळी अशी जादा संधी मिळेलच असे नाही. बी.एस्सी.चे प्रवेशही चांगल्या महाविद्यालयांत जून-जुलैतच भरून जातात. ऑगस्टच्या अखेरीस, तिसऱ्या-चौथ्या यादीत नाव नाही म्हणून जागे होणाऱ्याला उरलेसुरलेच मिळते. आणि मग तो रस्ता खरोखरच दुय्यम ठरतो, कारण आपण तिथे उशिरा पोहोचलेलो असतो.

तिसरा रस्ता वर्ष थांबण्याचा. ‘ड्रॉप’ हा शब्द घरात फार सहज उच्चारला जातो. जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, हा नियम आधी पाहावा. एनआयटी आणि आयआयटीसाठी बारावीच्या पंचाहत्तर टक्क्यांची अट आहे, तीही पाहावी. मुलाने स्वतः मागितले असेल, गेल्या वर्षी कुठे कमी पडलो हे त्याला नेमके सांगता येत असेल आणि घर त्याला वर्षभर टोमण्याविना राहू देणार असेल, तरच वर्ष थांबण्यात अर्थ आहे. वडिलांचे अपुरे राहिलेले स्वप्न पुरे करण्यासाठी मुलाला आणखी एक वर्ष लातूरला किंवा कोट्याला धाडणे, हा निर्णय वडिलांचा असतो. भोगतो मात्र मुलगा.

सरकारने काय करावे, घराने काय करावे

प्रवेशाच्या वेळापत्रकाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच निकालाची, प्रत्येक फेरीची आणि वर्ग सुरू होण्याची तारीख जाहीर करावी आणि ती पाळावी. कॅपची दुसरी फेरी होईपर्यंत खासगी विद्यापीठांनी पूर्ण शुल्क मागू नये, असे बंधन घालावे. आगाऊ भरलेली रक्कम ठरलेल्या दिवसांत परत मिळाली नाही, तर तक्रार कोणाकडे करायची हे प्रत्येक प्रवेश पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. लांबलेल्या प्रतीक्षेचा फायदा ज्यांना होतो त्यांची गय करायची, की ज्यांना तोटा होतो त्यांची कड घ्यायची, एवढाच हा प्रश्न आहे.

तोवर घराच्या हातात जे आहे ते घराने करावे. निकालाच्या आठवड्यात एक संध्याकाळ काढून तीन कागद तयार करावेत. पहिल्यावर पसंतीक्रम, दुसऱ्यावर चार वर्षांचा खर्च आणि तिसऱ्यावर दुसऱ्या रस्त्याचे नाव, त्याच्या अर्जाची शेवटची तारीख आणि भरलेल्या अर्जाचा क्रमांक. हा तिसरा कागद भिंतीवर लावलेल्या घरात यादीची वाट बघितली जाईलच, पण त्या घरातल्या मुलाला यादीत नाव नसणे म्हणजे आपणच नसणे, असे वाटणार नाही. जिन्यात काकूंनी विचारले, तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे दोन रस्ते असतील.

मुलगा कोणत्या महाविद्यालयात शिकणार, हे यादी सांगेल. त्याचा घरातला मान यादीवर ठरू देऊ नये. तो त्याला यादीच्या आधी मिळालेला असावा.